मातीवर ठेवलेला हात

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला तुमचा राग येतो, आणि हे कुणाला सांगायची सोय नाही. कर्जतला अजून कुणी भेटलं की म्हणतं, तुमचे वडील भूगोल काय सुरेख शिकवायचे! शिकवायचे, खरंच. पण शाळा सुटली तरी तुमचा तास काही सुटायचा नाही. भात उकळायला लागला की तुम्ही झाकण काढून बुडबुडे बघत बसायचात. "बघ, बारके पुष्कळ, मोठे मोजके," असं मला सांगायचात, आणि आई ओरडायची, "अहो, झाकण ठेवा, भात कच्चा राहील!"

मावशीच्या लग्नाला खालापूरला निघालो, तेव्हा मी सातवीत होते. स्टुडिओवाल्याचा खोक्यासारखा कॅमेरा तुम्ही मागून आणला होता. आईचा तोवर एकही फोटो नव्हता. ती जांभळं पातळ नेसली होती, अबोलीचा गजरा माळला होता. वाटेत चौक गावाला एसटी बदलायची असते, दुसरी गाडी यायला वेळ असतो, आणि तुम्ही रस्त्यालगतच्या शेतात उतरता. अवकाळी पावसानं बांधाची एक बाजू ढासळलेली असते. कॅमेरा पोटाशी धरून तुम्ही वरून त्यात बघता आणि खटक्यावर खटके दाबत सुटता.

"अहो, लग्नासाठी आणलाय ना तो?"

"अगं, बघ तरी! डोंगराचा कडाही असाच ढासळतो. शेजारी काही माप नसलं, तर हा बांध की कडा, फोटोवरून कुणालाच सांगता यायचं नाही. लहान काय नि मोठं काय, घडण एकच." मग तुमच्याच लक्षात आलं, की एका तरी फोटोत माप हवं. "जरा तिथं हात ठेव गं."

आई पातळ सावरत वाकली. "फोटो काढायचा तर तोंडाचा काढा. हाताचा कसला काढताय?"

"तोंड मातीवर कसं ठेवशील?" तुम्ही अगदी गंभीरपणे विचारलंत. मांडवात पोचलो, तेव्हा रोल संपला होता.

पुढच्याच पावसाळ्यात आई काविळीनं गेली. हार घालायला फोटो हवा म्हणून काका कपाट उपसत होता, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आहे ना. हात आहे." आणि खरोखरच तो फोटो चौकटीत बसवून भिंतीवर लावलात. दूध घालायला येणारी बाई उंबऱ्यातून विचारायची, "मास्तर, ह्यो डोंगर कुठला हाय?" मग जवळ येऊन, "अगं बया, हात हाय की! कुनाचा?" तुम्ही तिलाही बांध आणि डोंगर समजावत बसायचात. आईचं नाव नाही, डोळ्यांत पाणी नाही. मी आत बसून दातओठ खायचे.

दिवाळीच्या आधी एका सकाळी माझ्या हातून बशी पडली. आईच्या आवडीची वगैरे नव्हती, काठाचा टवका उडालेली साधी बशी. तुम्ही तुकडे उचलायला वाकलात आणि तिथंच बसून हमसाहमशी रडायला लागलात. शाळा भरायची वेळ झाली तरी थांबेनात. मी आधी घाबरले, मग भडकले. "आई गेली तेव्हा नाही, आणि आता बशीसाठी रडताय?"

बाहीनं नाक पुसत तुम्ही म्हणालात, "मोठं ढासळायला मोठंच कारण लागतं असं नाही, बाळ. रोज थोडं थोडं साचत असतं. शेवटचा कण एवढुसाच असतो."

रडतानासुद्धा धडा! मला किंचाळावंसं वाटलं. मी चहा टाकला.

परवा एका मासिकात वाचलं, की भूकंप, नदीचे पूर, अगदी रेडिओची खरखर, या सगळ्यांत अभ्यासक आता हेच शोधताहेत: बारके धक्के पुष्कळ, मोठे विरळ, आणि दोन्हींची घडण एक. मला अभिमान वाटायला हवा होता. मी मासिक आदळलं. आईचं नाक कसं होतं, ते मला आता आठवत नाही, अण्णा. बोटं मात्र एकूणएक पाठ आहेत. मास्तर, हे कुठल्या घडणीत बसवायचं?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? घडी करून ठेवून देईन. तुमच्याशी भांडायला म्हणून बसले होते. खरं सांगायचं तर, आज सकाळपासून मी कुणाशीच बोलले नव्हते.