चारही ठिकाणी सारखं

गच्चीवरच्या टाकीचं पाणी वाहत जिन्याच्या दुसऱ्या वळणापर्यंत उतरलं आहे, मृदुला वरून बादली मागते आहे आणि मी भिंतीला कागद टेकवून हे लिहितो आहे. तेव्हा पद्मामावशी, नमस्कार उभ्यानेच घे. गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी तुला जिना वर्ज्य केला होता. आमचा जिना सध्या कोणीच चढू नये. बाकी आम्ही सर्व ठीक. (ठीक नाही. पण पत्रात तसं लिहितात.)

पाण्याचं कारण तू आहेस. गेल्या आठवड्यात गोत्रीला आमच्याकडे आलीस आणि सोसायटीच्या पंपाचं बटण तुझ्या डोळ्यांना खुपलं. बाकीची बटणं खाली दाबली की चालू होतात, हे एकच वर. ते उलटं बसवलेलं आहे हे इथे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणाचं काही अडत नव्हतं. तू इलेक्ट्रिशियन बोलावून ते सुलटं करून घेतलंस, वर त्याला चहा पाजलास. वॉचमनचा हात मात्र जुनाच राहिला. आज त्याने सवयीने पंप बंद केला, म्हणजे चालू केला, आणि जेवायला गेला. "साहेब, में तो बंध ज करी'ती," म्हणजे मी बंदच केली होती, असं तो गुजरातीत शपथेवर सांगतो. तो खरं बोलतो आहे.

(पाणी थांबलं. आता पायरीवर बसलो आहे. पायरी ओली आहे.)

आता तुझी दुसरी दुरुस्ती. कर्नेल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा सगळ्यात आतला भाग, जगभरची माणसं तो मिळून लिहितात आणि त्यातली एक फाइल माझ्या गळ्यात आहे, हे मीच तुला सांगितलं होतं. काका गेल्यावर तुला संध्याकाळ खायला उठे, तेव्हा "छोट्या दुरुस्तीपासून सुरुवात कर" असंही मीच म्हणालो. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेल्या बाईला असं सांगू नये. एवढ्या फायलींतून तू माझीच निवडलीस. मकरपुऱ्यातल्या कारखान्यांच्या फाटकांवरचे जुने वजनकाटे ज्या कार्डाने संगणकाला जोडलेले आहेत, ते कार्ड चालवणारी. त्यात काम बिनसलं का, हे चार ठिकाणी पाहिलं आहे. तीन ठिकाणी 'उत्तर शून्य नसेल तर चूक', चौथ्या ठिकाणी 'उत्तर शून्याहून कमी असेल तर चूक'. तू चौथं पहिल्या तिन्हींसारखं करून पाठवलंस. मी ते नीट तपासलं. कामात काहीच फरक पडत नाही. नुसतं दिसायला बरं दिसतं.

फरक पडत नाही तर घेऊन टाक, असं तू म्हणशील. घेतली, तर पुढे कधी काटा बंद पडला की त्या ओळीपुढे मूळ लिहिणाऱ्याऐवजी तुझं नाव दिसेल आणि मला शोधाचा धागा मिळणार नाही. जुन्या आवृत्त्यांना ठिगळ लावायला गेलो तर ओळ जुळत नाही म्हणून ते बसणार नाही. उद्या तू रिकाम्या जागा सारख्या करशील, परवा नावं. न घेतली, तर नवं माणूस पुन्हा इकडे फिरकणार नाही. मोठमोठ्या फायलींचे लोक यावर वर्षानुवर्षं भांडतात, आणि मला दोन्ही बाजूंचं पटतं, म्हणून मला कुठल्याच बाजूने झोप लागत नाही. दुरुस्त्या जिथे पाठवतात त्या सार्वजनिक ई-मेल यादीवर आपण एकमेकांना परक्यासारखं इंग्रजीत लिहितो, नातं तिथे कोणाला माहीत नाही. तिथे मी पंधरवडाभर गप्प आहे. (मृदुलाचं म्हणणं, "मावशीला नाही म्हणायची तुझी छाती नाही, आणि हो म्हणायचीही नाही. फडकं तरी पीळ.")

फडकं पिळताना ठरवलं. दुरुस्ती स्वीकारत नाही. राग धरू नकोस.

तुझा
हेरंब

ता. क. मला ही फाइल आता सांभाळवत नाही. ज्याने ती माझ्या हवाली केली तो पत्रांना उत्तर देत नाही. कंपनीतून आल्यावर मी ती उघडतो, बघतो आणि मिटतो. इतक्या वर्षांत ती ओळ न ओळ वाचणारी तू पहिलीच. माझ्या जागी तुझं नाव घालावं असं मनात आहे. त्यासाठी तुझी निदान एक दुरुस्ती आत गेलेली हवी, म्हणून ही स्वीकारतो आहे. हो म्हण, मावशी. दुसरं कोणी नाही.

आणखी ता. क. वरचे आक्षेप मात्र सगळे खरे आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी. पत्र टाकण्याआधी दुरुस्ती स्वीकारली. चहा होईपर्यंत यादीवर तुझं उत्तर आलं. चौथ्या ठिकाणी काम नीट झालं तर शून्य येत नाही, पाठवलेल्या अक्षरांची संख्या येते, तेव्हा या दुरुस्तीने प्रत्येक नीट झालेलं काम चूक ठरेल, ती मागे घ्यावी, असं तू लिहिलं आहेस. चूक स्वतःची असल्याचंही लिहिलं आहेस. शेवटी विचारलं आहेस, की फाइल सांभाळणाऱ्याच्या हे लक्षात कसं आलं नाही. दुरुस्ती काढून टाकली. हे पत्र टपालात टाकायला निघालो आहे.