चमच्याला पोट नसतं

दि. ९ फेब्रुवारी
रविवार, सकाळ

प्रिय आत्या,

शिरसाष्टांग लिहिलं की तुला परकं वाटतं, म्हणून नुसता वाकून नमस्कार. दादा कसा आहे? नवं मशीन नीट थंड करतंय ना, की जुन्यासारखं मध्येच खोकतं?

मी बरी आहे. छापखान्यातलं काम जमतंय. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा. मला मोजपट्टी हे नाव तूच ठेवलंस, आणि म्हणालीसही, "हे काम तर आमची मोजपट्टी घरी फुकट करायची!"

सलग तीन शनिवार मी घरी आले नाही म्हणून तू रागावली आहेस, असं दादा म्हणाला. छापखान्यात काम होतं हे खरं, पण तेवढंच खरं नाही. फोनवर सांगितलं असतं, पण तब्येतीचं निघालं की तुझं मशीन नेमकं सुरू होतं आणि तुला काही ऐकू येत नाही. पत्राला ती सोय नाही.

घरून परत आले की मला घाम फुटायचा, हात कापायचे, डोळ्यांसमोर अक्षरं नाचायची. डॉक्टरांनी तपासलं आणि आहार ठरवून देणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, "सुट्टीत घरी काय खाता?" मी सगळं सांगितलं. डाळ, भात, भाजी.

"आणि गोड?"

"अजिबात नाही."

"घरी असता तेव्हा दिवसभर करता काय?"

"आइस्क्रीम. आमचा कारखाना आहे. मी फक्त चाखते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती?"

"चमचाभर."

"किती वेळा?"

आत्या, मी मनात मोजायला लागले आणि माझे कान तापले. मी खोटं बोलले नव्हते गं. पहिलं अक्षर गिरवायच्या आधी तू मला चाखायला शिकवलंस, आणि सोबत हेही, की चाखणं म्हणजे खाणं नव्हे, चमच्याला पोट नसतं. ते मी पाढ्यांसारखं पाठ केलं होतं.

बाई म्हणाल्या, रिकाम्या पोटी गोड गेलं की साखर सरसर चढते आणि तितक्याच घाईने उतरते. मीही तिच्यासोबत उतरत होते. आता सकाळी आधी अंडं नाहीतर दही, मग बाकीचं. भात कमी, डाळ-भाजी जास्त. दोन जेवणांमध्ये फार वेळ जाऊ द्यायचा नाही, म्हणून पर्समध्ये भाजलेले चणे असतात. गोड खावंसं वाटलंच तर जेवणानंतर, थोडंसं. जीव चरफडतो, पण अक्षरं जागेवर राहतात.

ओठांचंही कोडं सुटलं. थंडीने फुटतात म्हणून तू साय लावायचीस ना? ती थंडी नव्हती, अक्रोड होता. अक्रोडाचं पातेलं असेल त्याच दिवशी ते सुजायचे. आता अक्रोड कायमचा बंद, त्याचा चमचा लागलेलं व्हॅनिलासुद्धा. डॉक्टरांनी जवळ ठेवायला एक इंजेक्शन दिलंय. श्वास अडकला तर ते टोचायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. तू घाबरू नकोस, तुझ्या वाटचंही मी घाबरून घेतलंय.

बघ, एवढं लिहिलं, आणि जे लिहायला बसले ते राहिलंच.

निघताना बाईंनी विचारलं, "घरात अजून कोण चाखतं?"

"आत्या."

"कधीपासून?"

"माझ्या जन्माआधीपासून."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मीच जिना उतरताना बोलत होते, स्वतःशी. तुझ्या पायाच्या अंगठ्यावर डब्याचं झाकण पडलं ती जखम अजून ओली आहे, आणि तू मोजे घालून ती झाकतेस. पाण्याचा तांब्या तुझ्यापासून हलत नाही. डब्यांवरच्या चिठ्ठ्या हल्ली तू दादाकडून वाचून घेतेस. विचारलं तर म्हणतेस, "आपल्या घराण्यात साखर गिऱ्हाइकांना होते, आपल्याला नाही." सगळे हसतात. मागच्या वेळी मला हसू आलं नाही, आणि बोलायचा धीरही झाला नाही. म्हणून मी यायचंच टाळलं.

मला माहीत आहे तुला भीती कसली आहे. तुझ्या जिभेवर कारखाना उभा राहिला, आणि उद्या कुणी हातातला चमचाच काढून घेतला तर? तो कुणी काढणार नाही. चहा पारखणारे घोट तोंडात घोळवतात आणि टाकून देतात, तरी त्यांची पारख जात नाही. तू म्हणशील, अन्न थुंकायचं? पाप लागेल. निम्मं मला लागू दे.

कदाचित तुला काहीच निघणार नाही. मग वर्षभर मला चिडव, मी तोंडातून शब्द काढणार नाही.

मी शनिवारी येतेय. सोमवारी सकाळी दोघींनी तपासणीला जायचं. रक्त आधी माझं काढतील, मग तुझं. उपाशीपोटी जायचं असतं. तू तिथे अगदी खऱ्या मनाने सांगशील, "काही खाल्लं नाही," आणि पहाटेचं पातेलं चाखून आलेली असशील. म्हणून त्या दिवशी आपण परत येईपर्यंत पातेल्याचं झाकण उघडायचं नाही. दादाला सांगून ठेवलंय. आणि मोजा काढून ये. ती जखम डॉक्टरांना दाखवायची आहे.

त्या सकाळी पुरता तरी, आत्या, चमच्याला पोट असतं असं धर.

तो खाली ठेवून माझी वाट बघणाऱ्या आत्याची,
मोजपट्टी