सत्यनारायणापुढची निवटी

९ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. संकल्प एकच: माझं संशोधन सामान्य माणसापर्यंत पोहोचवायचं. कोपरच्या खाडीत चिखलावर उड्या मारणारा बोटभर मासा, निवटी. त्यावर मी पीएचडी केली आणि ती आजवर फक्त गाईडने वाचली. तीही बहुतेक चाळली.

प्राची दिवाळीपासून कल्याणला माहेरी आहे. तात्पुरती. कारण उघड आहे, बायकोला नवऱ्याचं काम समजलेलं नाही. समजलं की येईल.

१२ जानेवारी
सोसायटीच्या सव्वीस जानेवारीच्या पूजेत अर्धा तास मिळवला. आरती आणि जेवणाच्या मध्ये. चेअरमन अण्णा म्हणाले, भात शिजेपर्यंत लोकांचा टाइमपास होईल. यालाच पब्लिक एंगेजमेंट म्हणतात.

प्राचीला मेसेज टाकला. ब्लू टिक आली. उत्तर नाही. विचार करत असणार.

१४ जानेवारी, संध्याकाळ
तिळगूळ घेऊन कल्याणला जाणार होतो. स्लाइड्स राहिल्या होत्या. तिळगूळ मीच खाल्ला.

२१ जानेवारी
अण्णा दारात. देवासमोर मासळीचं नाव नको म्हणाले. मी म्हटलं, ही खायची नाही, अभ्यासाची आहे. ते म्हणाले, गेल्या रविवारीच आमच्याकडे कालवण झालं, मला काय सांगतोस.

तडजोड: निवटीला 'एक जीव' म्हणायचं. फोटो रद्द. म्हणजे स्लाइड्सच रद्द. बरंच झालं, सोपेपणा वाढेल.

२५ जानेवारी
आरशासमोर प्रॅक्टिस. प्रत्येक मुद्द्यानंतर थांबून, हसून, प्रेमाने विचारायचं, कळलं का? पहिल्या रांगेत प्राचीसाठी रुमाल टाकायचा.

२६ जानेवारी
भाषण जबरदस्त. एक जीव चिखलात घर करतो. घर पाण्याने भरतं, आत अंड्यांतल्या पिल्लांचा श्वास कोंडेल. मग नर तोंडात हवा भरून घरात नेतो. सोडतो. पुन्हा बाहेर येतो, पुन्हा नेतो. शेजारच्या शालनताईंनी हात जोडले आणि याचा उपवास कोणत्या वारी धरायचा ते विचारलं.

प्राची आलेली. रुमालाच्या खुर्चीवर नाही, मागे चपलांच्या रॅकजवळ. नंतर भेटली. मी विचारलं, कळलं का?

म्हणाली, सगळं कळलं. आधीही कळायचं. मग म्हणाली, तो एवढासा जीव तोंडात हवा भरून घरी आणतो. तू घरी यायचास आणि तोंड उघडायचा नाहीस. मी गुदमरले रे. आज लोकांना किती प्रेमाने विचारत होतास.

तिच्याकडची घराची किल्ली माझ्या हातात दिली. प्रसाद घेतला आणि रिक्षात बसली. मी तिला थांब म्हणालो नाही. माझ्याभोवती लोक प्रश्न विचारत होते.

२७ जानेवारी
अण्णांचा मेसेज: लोकांना आवडलं, पुढच्या वर्षीही तुझंच ठेवू.

खूप रडलो. दोन्ही किल्ल्या टेबलावर आहेत. जेवायला बसताना समोरच्या खुर्चीला मोठ्याने विचारून पाहिलं, जेवलीस का? काहीच अवघड नव्हतं.