उष्टी हळद

३ नोव्हें., सोम.
सकाळी गादीवर पुन्हा पांढरा चुरा. आई चादर झटकायला गॅलरीत गेली, तिथे शेजारच्या बाई दिसल्या, तशीच परत आली आणि बाथरूममध्ये झटकली. सोरायसिस मला आहे, लपवते ती. लग्नाला महिनाही नाही राहिला आणि कोपरं, पाठ, कानामागे, सगळीकडे चट्टे लालबुंद. डॉक्टर म्हणतात टेन्शनने वाढतो, टेन्शन घेऊ नका. बरं.

९ नोव्हें., रवि.
आत्याकडे ठाण्याला केळवण. भरली वांगी केलेली. सगळ्यांना वांगी, मला बटाट्याची भाजी. "तुला वांगं चालत नाही ना रे!" अगं, पण कोण म्हणालं? डॉक्टर तर नाही म्हणाले. म्हणे खडवलीच्या काकांच्या मेव्हण्याचे चट्टे वांगं सोडल्यावर गेले. केळवण माझं, आणि मीच दुसऱ्यांच्या पानातली वांगी बघत बसलेलो.

१५ नोव्हें., शनि.
मानसीला भेटलो, कल्याणला. हिला पहिल्याच भेटीत बाही वर करून दाखवलेलं. कोणाला लागत नाही, पूर्ण जातही नाही, आटोक्यात राहतो. कातडी महिन्याचं काम चार दिवसांत उरकते, म्हणून खवले. तेव्हा पर्समधला पंप दाखवून म्हणालेली, "म्हणजे माझ्या दम्यासारखंच."
आज म्हणाली, "आईला सांगितलं. तर म्हणते, त्याची उष्टी हळद तुझ्या अंगाला लावायची?"
लावायची तर असतेच. नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला, पद्धतच ती. म्हटलं, राहू दे, नको लावून घेऊस. भडकली. "तू गप बस. मी बघते."

२३ नोव्हें., रवि.
आत्या आलीय राहायला. ती आणि आई स्वयंपाकघरात कुजबुजतात, मी गेलो की विषय एकदम हॉलच्या जेवणाचा. वैताग. इतकी वर्षं याच दोघी मागे लागलेल्या: हळद लाव, दुधातून घे, लेप दे. एक चट्टा हलला नाही. आता हळदीचं नाव काढलं की दोघींची तोंडं बघावीत.

२९ नोव्हें., शनि. हळद
सकाळी हळद लागली. आत्याने कोपरं बरोब्बर चुकवली. गालाला नुसतं बोटाचं टोक. दुपारी भाऊजी वाटी घेऊन कल्याणला गेले. अंगाची आग आग.

संध्याकाळी मानसीचा फोटो. गळ्यापर्यंत पिवळी. खाली लिहिलेलं: "आईने वाटी बाजूला ठेवलेली. मी सगळ्यांसमोर मागून घेतली. मग तिनेच लावली, स्वतःच्या हाताने. रडली थोडी."
माझेही डोळे भरले. धावत आईला दाखवायला गेलो. आईचा चेहराच उतरला.
"अरे... त्या वाटीतली हळद मी आधीच काढून ठेवलेली. तुला लावायच्या आधी."
"म्हणजे?"
"त्यांना किळस नको वाटायला. उगाच लग्नात विघ्न."
परक्या बाईने हात घातला, आणि माझ्या आईने...
काय काय बोललो. आई पदर तोंडाला लावून बसली. आत्या म्हणाली, "झालं ते चांगल्यासाठीच. तिला कशाला सांगायचं?"

मानसीचा पुन्हा मेसेज. "तुझी हळद निघतच नाहीये रे!"
लग्न उद्या सकाळी. माझ्या अंगाला लावून उरलेली खरी हळद ओट्यावर आहे, ताटलीखाली झाकलेली. अजून ओली आहे. आमच्या मानपाड्याहून कल्याण तसं काही लांब नाही.