करडईच्या दुधाची खीर

जळकोट, ता. ६-८-६२

ति. प्रेमाक्कांस सा. न. वि. वि.

चूल मी घातली. खीर हलवायचा दांडा मी तासला, गाळणीची चौकट मी ठोकली, पातेल्याचं झाकणसुद्धा पत्रा कापून मीच केलं. कुणाकडं शिकायला गेलो न्हाय, हे तुम्हाला ठाऊक आहे.

बालवाडीच्या पोरांचं दुपारचं खाणं आता माझ्याकडं आहे. सरकारी दुधाची पावडर सोसली नाही, निम्म्यांची पोटं बिघडली. गावच्या गुरांना लाळ्या झालाय. म्हणून ठरवलं, दूध, तूप, ताक काहीच नको. आई करायची तशी करडई वाटून तिच्या दुधात गव्हाची खीर, वर गूळ.

पण पोरं खाईनात. एक घास घेतात, तोंड वाकडं करतात आणि घराकडं पळतात. गुरुजी म्हणतात, दुपारपर्यंत पोरं टिकली नाहीत तर श्रावण सरताच बालवाडी बंद. आया रोजगाराला जातात. मग पोरं हमरस्त्यावर, ट्रकांपुढं. करडई निवडलेली, गहू उखळात सडून घेतलेले, गूळ पिवळाधमक. खोट पोरांच्या जिभेत आहे, असं माझं ठाम मत. मदतनीस कुलसुमबी नुसती हसते.

रागावलात तरी लोभ आटू देऊ नका.

आपला धाकटा,
महांतप्पा

येरमाळा, ता. ११-८-६२

चि. महांतप्पास प्रेमाक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून तुझे दाजी जेवता जेवता ठसकले. चूल, दांडा, झाकण सगळं लिहिलंस. खीर तोंडात घालून बघितल्याचं कुठं दिसलं नाही. नैवेद्य असल्यागत रांधत असशील, वास येईल म्हणून मान फिरवून. अरे, पोरं म्हणजे सोनारीचा काळभैरव आहेत का, पुढं ठेवलं ते गप्प घ्यायला?

आई करडईचं पहिलं दूधच खिरीला घ्यायची. पुढचं कडू उतरतं, ते बैलाच्या आंबोणात जायचं. तू काटकसरीनं चोथा पिळपिळ पिळत असशील. रांधताना न चाखायचा तुझा नेम मोडू नकोस, कुलसुमबीला चाखायला सांग. एवढे दिवस ती का हसते, ते तरी विचारायचंस.

माया आहेच, ती चाखायला एकदा इकडं ये.

प्रेमाक्का

जळकोट, ता. २०-८-६२

ति. अक्कांस सा. न. वि. वि.

कुलसुमबीला सांगितलं. तिनं तळहातावर थेंब घेतला आणि म्हणाली की आप्पा, वासावरनंच पहिल्या दिवशी कळलं होतं, पण तुमी पुसलं कुठं. दुसरं-तिसरं दूध तिनं माझ्यादेखत ओतून दिलं आणि खिरीत चिमूटभर मीठ टाकलं. गोडात मीठ, म्हणून मी बराच वाद घातला. तिनं ऐकलं न्हाय.

आता पोरं थाळ्या चाटतात आणि तिथंच झोपतात. बालवाडी चालू ठेवायची, असं गुरुजींनी वर कळवलं. कुलसुमबी मान हलवीपर्यंत पातेलं चुलीवरून उतरत नाही. तिनं चाखलेलं पोरांना कसं द्यायचं, म्हणून दोघाचौघांनी नाकं मुरडली. त्यांचीच पोरं दुसऱ्यांदा मागतात. पोरांच्या जिभेबद्दल लिहिलं होतं, ते वाचलं नाही असं समजावं.

दाजींना नमस्कार. थट्टा करा, पण आठवण ठेवा.

आपला,
महांतप्पा

ता. क. रस्त्यावरचे हॉटेलवाले सिद्रामप्पा काल खीर खाऊन गेले. बालवाडी सोडा, म्हणाले, माझ्याकडं रांधा. ती बाई मात्र नको, चाखायला मी आहे. महिना नव्वद रुपये आणि दोन वेळचं जेवण देत होते. मी नाही म्हणालो.