आधी पोचलेली गाडी

३ फेब्रुवारी

नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क आवडला! मदत कक्ष म्हणजे शाळेच्या वर्गाएवढी खोली. ओळीने फोन, समोर भिंतभर नकाशा, आणि त्यावर आमच्या रुग्णवाहिका हिरवे ठिपके होऊन मुंग्यांसारख्या सरकतात. शेजारच्या खुर्चीत पोलिसांच्या वतीने बसणारे हवालदारकाका. त्यांनी आल्या आल्या गुरुमंत्र दिला: समोरचा ओरडला की आपण हळू बोलायचं, आणि आधी पत्ता, मग रडणं. घरी आल्यावर ताईने विचारलं, किती जीव वाचवलेस? म्हटलं, एका काकूंना कुलूप उघडून हवं होतं, एका आजोबांना नुसत्या गप्पा मारायच्या होत्या. ती हसून बेजार. भाऊजी बाहेरगावी, म्हणून मी तिच्याकडेच उतरलेय. तिला सोबत, मला आयतं जेवण.

११ फेब्रुवारी

पाठीचा पार भुगा झालाय. गाड्या मोजक्या, फोन उदंड. घरी आले तरी कानात रिंग वाजतच राहते.

आज एक विचित्र झालं. एका बाईंचे यजमान जिन्यावरून पडले. मी गाडी धाडली आणि बाईंना फोनवरच धरून ठेवलं. थोड्याच वेळात तिकडे बेल वाजली. आली हो तुमची गाडी, भलं होवो तुमचं, म्हणत त्यांनी फोन ठेवला. नकाशावर आमचा ठिपका तेव्हा अर्ध्या वाटेवरही नव्हता. नंतर ड्रायव्हरने कळवलं, पेशंटला कोणीतरी आधीच घेऊन गेलंय. काका म्हणाले, खासगी गाडी असेल, तू चहा घे.

१९ फेब्रुवारी

खासगी नव्हती. त्या बाई आज पोलीस चौकीतून थेट आमच्या कक्षात आल्या. यजमान एकाही दवाखान्यात नाहीत. काकांनी सगळीकडे फोन फिरवून पाहिले. बाई सांगत होत्या, दोघे जण होते, फार शांत, फार गोड बोलणारे.

त्या गेल्यावर काकांनी खालच्या आवाजात सांगितलं, या पहिल्या नाहीत. मी वरिष्ठ मॅडमना गाठलं. त्यांनी डोळे चोळत म्हटलं, तपास चालू आहे, तू फोन घे, लाइन वाजताहेत.

आणि खरंच वाजत होत्या.

२६ फेब्रुवारी

आज परत. या वेळी मी ऐकलं. दार, पावलं, मग तो आवाज: "आम्ही पोचलोय. आता घाबरू नका."

आमची गाडी निघालीसुद्धा नव्हती. ड्रायव्हर तोंड धूत होता. मी ओरडले, काकू, दार लावा! फोन बंद.

सगळ्यात वाईट म्हणजे, क्षणभर हायसं वाटलं. एक फोन कमी झाला.

२ मार्च

एका मुलीचे वडील छातीत कळ येऊन कोसळले. गाडी लांब होती. मी तिला बजावलं, एवढ्यात बेल वाजली तर उघडू नकोस. बेल वाजली. तिने नाही उघडलं.

आमचीच होती. जवळून परतत होती म्हणून मॅडमनी वळवलेली. मला कळवायचं त्यांच्याकडून राहून गेलं. दार फोडेपर्यंत तिचे वडील —

मॅडमनी मला घरी पाठवलं. रागावल्या नाहीत. रागवायलाही अंगात त्राण लागतं.

५ मार्च

दुपार. ताईचा दमा उसळलाय. पंपानेही उतरत नाही. ओठ निळे पडलेत. फोन लावला, काकांनीच उचलला. गाडी निघालीय म्हणतात. लाइन चालू ठेवलीय. एका हाताने तिची पाठ चोळतेय, दुसऱ्याने हे — लिहिलं नाही तर किंचाळेन.

बेल.

काकांना विचारलं, आपलीच ना? म्हणाले, ठिपका अजून पुलावर दिसतोय... पण नकाशा सकाळपासून अडकतोय गं पोरी, छातीठोक नाही सांगता येत.

दाराबाहेरून — पोचलोय म्हणतात, घाबरू नका म्हणतात. आमचे लोकही हेच म्हणतात. तसं शिकवतातच —

पुन्हा बेल. काका, उघडू की नको? तुम्ही सांगा. कोणीतरी सांगा.

फोनमध्ये काकांचा नुसता श्वास ऐकू येतोय.

ताईचा येत नाहीये.

उठते. कडी —