महजरातली कोरी जागा

मी, सूर्यभान वल्द खंडूजी पाटील, उमर अदमासे साठ, राहणार मौजे निंबखुटा, परगणे बार्शीटाकळी, जिल्हा अकोला, आज डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र करतो. नशापाणी केलेले नाही. कोणा जित्या माणसाचा दाब नाही. हात कापतो, म्हणून अक्षर रिद्धपूरच्या नत्थुजींचे आहे, शब्द माझे. मी सांगेन तेवढेच लिहावे, चांगले दिसावे म्हणून पदरची भर घालू नये, असे त्यांना बजावले आहे.

कलम पहिले. राहते घर, विहिरीजवळचे वावर आणि बैलांच्या दोन जोड्या मुलगा वामनराव याच्या. माजघर मात्र पत्नी पार्वताबाई हिचे, ती आहे तोवर. तिथून तिला कोणी हलवू नये. वामनराव आईशी आवाज चढवून बोलतो. त्याला वाटते मला ऐकू येत नाही. येते.

कलम दुसरे. मेहुणे भगवंतराव यांनी तेजीच्या वर्षी अमरावतीच्या कापूसबाजारात मिरवायला माझी रंगीत दमणी, बैलांची हलकी गाडी, नेली, ती आजतागायत आणली नाही. दमणी त्यांना लखलाभ होवो. बैलांचे घुंगूर माझ्या वडिलांचे आहेत, ते मागून आणावेत. मी गेल्यावर भगवंतराव माझ्या दिवसांना येतील तेव्हा मागावे; चार लोकांत त्यांना नाही म्हणता येत नाही.

कलम तिसरे. हेच खरे कलम आहे. वरची दोन हात मोकळा करायला सांगितली.

माझ्या आजोबांना पाटीलकी मिळाली तेव्हा साऱ्या गावाने एक कागद केला. त्याला आम्ही महजर म्हणतो. पाटलाने काय करावे याची त्यात नऊ कामे लिहिली आहेत, आणि खाली सहीच्या जागी गावाच्या निशाण्या: कास्तकारांचे नांगर, लोहाराची सांडशी, सुताराची वाकस. नववे काम आणि निशाण्या यांच्यामध्ये चार बोटे जागा कोरी आहे. वडील म्हणत, "ते कोरं गावाचं आहे, आपलं नाही." मला ते म्हाताऱ्याचे बोलणे वाटे.

पुढे अमेरिकेत भाऊबंदकीची लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या काळ्या मातीचे सोने झाले. शके १७८५ साली मी गावाचे गायरान नांगरून कापसाची पऱ्हाटी पेरली. गुरांना चरायला जागा उरली नाही. जयवंता नावाच्या कास्तकाराने भर सकाळी आपल्या गाई माझ्या उभ्या पिकात घातल्या. मी त्याला धरून आणला. चावडीत कोंडला असता, पण चावडीतही माझाच कापूस भरला होता. म्हणून त्याला कोठीत, आढ्यापर्यंत रचलेल्या कापसापाशी कोंडले आणि बाहेरून कडी घातली.

जहीर धावत आला. आम्ही एका पंतोजीकडे शिकलो. गावात महजर वाचता येणारे आम्ही दोघेच. कोठीसमोरच्या पारावर सारे गाव जमले.

"पाटील, कोठी खोला," तो म्हणाला. "मानसाले कोंडाचा हक तुमाले कोनं देला?"

"कोंडू नये असं महजरात कुठं लिवलं हाय? दाखव."

"कोंडावं असं तरी कुठं लिवलं हाय? गावानं तुमाले नऊ कामं देली. दहावं गावापाशीच राहिलं."

"कागद गप हाय, म्हंजे त्याची ना नाही."

"असं कसं? निजामानं वऱ्हाड गोऱ्या साहेबाच्या हाती कागद करूनच देलं. कागदात नाही ते बी साहेबानं घेतलं, तं तुमीच बोंबलता ना?"

"बोंबलतो. पन घेतेच ना तो?"

लोक हसले. मला चेव आला. दुपारपर्यंत मी एकेका शब्दाचा कीस काढत बोललो. असा मी पुन्हा कधी बोललो नाही. जयवंता आतून हाका मारत होता. कापूस आवाज गिळतो. हाका मऊ होत गेल्या आणि मग थांबल्या. तेव्हा मी साऱ्यांदेखत म्हणालो, "पाहा, त्याले बी पटलं."

जहीर खाली बसला. मी जिंकलो.

कडी काढली तेव्हा कापूस ढासळलेला होता. जयवंताच्या अंगावर ओरखडा नव्हता. तोंडात कापूस होता, वातीसाठी पिंजून ठेवावा तसा स्वच्छ. ठाण्याच्या कागदात लिहिले गेले की ढीग अंगावर पडून मेला. ते खरेच होते, आणि मी त्या खरेपणाच्या आड चार वर्षे लपलो.

आमच्याकडे पोळ्याला बैल सुटण्याआधी महजर पारावर वाचायची रीत आहे. पुढच्या पोळ्याला मी तो उलगडला. जयवंताच्या आज्याची निशाणी कोऱ्या जागेखालच्या पहिल्याच ओळीत तिसरी. त्या नांगराची मूठ वाकडी, म्हणून लहानपणापासून ओळखीची. ती जागेवर नव्हती. नांगर एक बोट वर, कोऱ्या जागेत आला होता, आणि त्याच्या मागे काळी बारीक रेघ होती. नांगराच्या फाळाने वावरात तास काढावे तशी. कागद मी सर्वांना दाखवला, जहीरलाही. सगळ्यांनी पाहिले आणि आपापले बैल सोडले.

दुसऱ्या पोळ्याला दुसरे तास, तिसऱ्याला तिसरे. महजर ज्या पेटीत असतो तिची किल्ली माझ्या कमरेला असते. अंघोळीलाही सुटत नाही. या साली चौथे तास पडले. ज्या कोऱ्या जागेवर मी हक्क सांगितला ती सारी नांगरून झाली आहे, आणि नांगर नवव्या कामातल्या 'पाटील' या शब्दाला टेकला आहे. परवा भर दुपारी जेवताना माझ्या घासात कापूस आला. पार्वताबाईने तो बोटाने काढला आणि ताट उचलले. मला भीती वाटते. हे नत्थुजींनी असेच लिहावे.

कलम चौथे. कोठी पाडावी. त्या जागेवर पुन्हा छप्पर घालू नये.

कलम पाचवे. वामनरावाने महजरातली नऊ कामेच करावीत. जे लिहिलेले नाही ते गावाचे. तो आजच म्हणाला, "बाबा, तुमी मले हात बांधून पाटील करून राहिले." होय बापा, तेच करून राहिलो.

कलम सहावे. गायरानातली पऱ्हाटी उपटून ते रान मी गावाला देतो. जयवंताची बायको मैनाबाई हिची निशाणी खाली झाल्यावाचून हे मृत्युपत्र खरे धरू नये.

हे लिहिणे चालू असता मैनाबाई बोलावल्याप्रमाणे आल्या. ओसरीवर चढल्या नाहीत. अंगणात उभ्या राहून सर्व ऐकले. साक्षीला आलेल्या जहीरने शाई पुढे केली.

"गायरान देनारे तुमी कोन?" त्या म्हणाल्या. "ते तुमचं कवा होतं?"

मी नत्थुजींना सहाव्या कलमातले 'देतो' खोडायला सांगितले. त्या जागी 'परत करतो, ते माझे कधीच नव्हते' असे वाचावे.

"आता तरी निशाणी कर बाई," मी म्हणालो.

"मी गप राहिले तं तुमी हो म्हनान. म्हून तोंडानं सांगते. मी नाही म्हनते. हे बी लिवा."

लिहिले आहे.

"मंग खाली जागा सोडू का?" जहीरने विचारले.

"सोडा. ज्याले कराची तो करीन." एवढे बोलून त्या गेल्या.

त्यांच्या नाही म्हणण्याला माझा उजर नाही. माझ्याच अटीने हा कागद अपुरा राहतो, तर राहो.

सही: सूर्यभान खंडूजी पाटील, दस्तुर खुद्द
साक्ष: जहीर, मौजे मजकूर. पाटील जिंकले त्या दिवशी मी तिथे होतो. कडी मलाही काढता आली असती.
निशाणी, मैनाबाईंसाठी सोडलेली जागा:

मुक्काम निंबखुटा, शके १७८९, प्रभवनाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, दिवसा तिसरा प्रहर.

लेखकाची नोंद. मी, नत्थुजी, शाई वाळण्यासाठी कागदावर वाळू टाकली आणि झटकली. सोडलेल्या जागेत नांगर होता. मूठ वाकडी, शाई ओली. बोरू माझ्या हातात होता, दौत जहीरभाईंकडे. पेटीतला महजर लगेच उघडला. त्यावर चार तासे आहेत, नांगर नाही. पाटलांनी दोन्ही कागद पाहिले. मी विचारले, हे मृत्युपत्र आता खरे धरायचे का? ते गप राहिले. त्यांच्या गप राहण्याचा अर्थ मी लावलेला नाही.